कॉइल स्प्रिंगमध्ये रबर बफर बसवताना: मोजमापापासून रस्त्यावरच्या चाचणीपर्यंत

डिकी भरली की गाडी मागून बसते, घाटातल्या वळणावर झुकते, स्पीडब्रेकरवर पोट घासतं. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: स्प्रिंगमध्ये रबर टाकून घ्या. हे रबर, म्हणजेच बफर, हे स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमधल्या फटीत बसणारं, एका जागी कापलेलं कडं असतं. सल्ला चुकीचा नाही, पण दुकानदाराने डोळ्यांच्या अंदाजाने दिलेलं रबर अर्ध्या तासात ठोकून बसवून घेणं ही या कामाची पद्धत नव्हे. त्यातून मागून उड्या मारणाऱ्या गाड्या, एका बाजूला कललेल्या गाड्या आणि वर्षभरात गंजून तुटलेल्या स्प्रिंगा तयार होतात. चुका बसवताना कमी होतात, बसवण्याआधी जास्त होतात. म्हणून या लेखात निम्मी जागा तयारीला दिली आहे.

हे मार्गदर्शन आपल्याकडच्या नेहमीच्या हॅचबॅक, सेडान आणि छोट्या सात-आसनी गाड्यांसाठी आहे. त्यांच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि तिच्या आत शॉकअप असा एकत्र खांब) असतो आणि मागे टॉर्शन बीमवर (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईवर) कॉइल स्प्रिंग. बोलेरोसारख्या मागे पाटे असलेल्या गाड्यांना मागच्या बाजूला हे लागू होत नाही.

रबर नेमकं काय करतं

स्प्रिंगची ताठरता तिच्या चालू वेढ्यांवर अवलंबून असते. चालू वेढे म्हणजे जे खरोखर दबतात ते. वर-खालचे टेकलेले वेढे यात मोजायचे नाहीत. तार आणि व्यास तोच ठेवून वेढे कमी केले की स्प्रिंग त्याच प्रमाणात ताठ होते. सहा चालू वेढ्यांपैकी एक पूर्ण अडवला की पाच उरतात आणि ताठरता २० टक्के वाढते. पाचाचे चार झाले तर २५ टक्के, चाराचे तीन झाले तर ३३ टक्के. म्हणजे तेच रबर कमी वेढ्यांच्या स्प्रिंगमध्ये जास्त परिणाम करतं. मित्राच्या गाडीत छान बसलेला बफर तुमच्या गाडीत कडक वाटतो, त्याचं कारण बहुधा हेच.

उदाहरणार्थ, २.५ किलो वजनाला १ मिलिमीटर दबणारी स्प्रिंग घेऊ. तिच्यावर १०० किलो जास्तीचे आले तर ती ४० मिलिमीटर दबेल. २० टक्के ताठ झाल्यावर तेच वजन तिला साधारण ३३ मिलिमीटर दाबेल. फरक ७ मिलिमीटरचा. प्रत्यक्षात तो आणखी कमी पडतो, कारण रबर स्वतः थोडं दबतं आणि बरेचसे बफर पूर्ण वेढा व्यापतही नाहीत. इंचभर गाडी वर येईल असं कोणी सांगत असेल, तर तो ताठरतेबद्दल बोलत नाही. फटीपेक्षा बरंच जाड रबर कोंबण्याबद्दल बोलतो आहे. त्याचे परिणाम पुढे चौथ्या टप्प्यात येतील.

गाडीवर लिहिलेली भारवहन क्षमता मात्र तीच राहते. टायर, बेअरिंग, ब्रेक, बीम यांच्यापैकी कशालाच रबराने बळ मिळत नाही.

टप्पा १: रोग ओळखा

गाडी मऊ वाटते याची कारणं अनेक असतात आणि रबर त्यातल्या एकाच कारणावर चालतं: स्प्रिंग ठीक आहे, पण आपण टाकत असलेल्या वजनाला ती कमी पडते. सीएनजी किट बसवलेल्या हॅचबॅक हे याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. डिकीत एका मोठ्या माणसाएवढं वजन कायमचं बसलेलं असतं आणि त्यावर सुट्टीचं सामान येतं.

बाकी कारणं आधी तपासून बाजूला काढा.

टायरची हवा थंड टायरवर मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे भरा. भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगळा आकडा असतो, तो बहुतेकजण कधीच वाचत नाहीत. केवळ हवा नीट भरल्यावर गाडी वळणावर सावरल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

शॉकअपवर तेलाचा ओला डाग आहे का पाहा. चिखल चिकटून राहिलेला तेलकट पट्टाही गळतीच दाखवतो. मग गाडीचा तो कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. वर येऊन साधारण एका हेलकाव्यात थांबला तर ठीक. पुन्हापुन्हा डुलत राहिला तर शॉकअप संपला आहे. ही चाचणी ढोबळ आहे, तिच्यातून पास झालेला शॉकअप चांगलाच असतो असं नाही. नापास झालेला मात्र नक्की खराब असतो.

खड्ड्यात खडखडाट येत असेल तर लिंक रॉड, बुश, स्ट्रट माउंट हे सस्पेन्शनचे सांधे बघून घ्या. आवाजावर रबर हा इलाज नाही. शेवटी रिकाम्या गाडीत मागच्या डाव्या-उजव्या बाजूची उंची मोजा. एक बाजू ठळकपणे खाली असेल तर ती स्प्रिंग थकलेली किंवा शेवटच्या वेढ्यात तुटलेली असू शकते. तुटका तुकडा बऱ्याचदा खालच्या वाटीतच पडून राहतो आणि बाहेरून दिसत नाही.

*सावधान: गेलेल्या शॉकअपवर रबर टाकू नका. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी शांत करणं. स्प्रिंग २० टक्के ताठ झाली की तेवढीच शांतता मिळवायला शॉकअपची पकड साधारण १० टक्के जास्त लागते. चांगला शॉकअप एवढं सांभाळून घेतो. थकलेल्याला ते झेपत नाही, गाडी खड्ड्यानंतर उडत राहते आणि टायर क्षणभर रस्ता सोडतो. ब्रेक लावायची वेळ नेमकी त्याच क्षणी येऊ शकते.*

टप्पा २: तुमची स्प्रिंग यासाठी योग्य आहे का

खाली वाकून टॉर्चने स्प्रिंग नीट पाहा. तीन प्रकार भेटतात.

सरळ नळीसारखी स्प्रिंग, सर्व वेढे एका व्यासाचे. बफरसाठी हीच सर्वांत चांगली.

मधे फुगलेली, टोकांना निमुळती स्प्रिंग. मागच्या बाजूला ही बऱ्याच गाड्यांत असते. इथे बफर फक्त मधल्या, सर्वांत रुंद दोन वेढ्यांमध्ये चालतो, कारण तिथेच वरची आणि खालची तार जवळपास एकमेकींच्या डोक्यावर येते. टोकाकडे वरची तार आत आणि खालची बाहेर असते. तिथे बसवलेलं रबर दाब आला की तिरकं होऊन निसटतं.

तिसरा प्रकार, एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ वेढे असलेली स्प्रिंग. ही मुळातच हलक्या वजनाला मऊ आणि जड वजनाला ताठ होईल अशी घडवलेली असते. दाट भागात कधीही रबर घालू नका. तो भाग पूर्ण मिटणं हेच त्या स्प्रिंगचं काम आहे.

स्प्रिंगवर रंग उडून लाल गंज फुगला असेल, खड्डे पडले असतील तर थांबा. एक वेढा अडवला की तेवढ्याच मोठ्या खड्ड्यात उरलेल्या वेढ्यांना जास्त दबावं लागतं आणि त्यांच्यावरचा ताण वाढतो. गंजाच्या खड्ड्यातूनच तडा सुरू होतो. अशी स्प्रिंग जोडीने बदला. नव्या स्प्रिंगांनंतर रबराची गरज उरली नाही असंही होऊ शकतं.

टप्पा ३: आधीचे आकडे लिहून ठेवा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात आणि मग पंधरा दिवसांनी 'फरक पडला का?' याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

सपाट जागा निवडा, सोसायटीच्या पार्किंगची फरशी चालेल. टाकी अर्धी, गाडीत कोणी नाही, हवा तक्त्याप्रमाणे. गाडी दहा-पंधरा फूट पुढे-मागे करून सोडा म्हणजे स्प्रिंगा आपापल्या जागी बसतील. मग चारही चाकांना चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरच्या हवेचा फरक मिसळतो.

आता नेहमी असतं तेवढं वजन भरा. घरची माणसं बसवा, डिकीत नेहमीच्या बॅगा ठेवा आणि चारही आकडे पुन्हा घ्या. रिकामी आणि भरलेली यांतला फरक म्हणजे गाडी किती बसते. समजा मागे तो ४५ मिलिमीटर आहे. बफर बसवल्यावर तो ३८-४० वर आला तर काम झालं.

त्याच दिवशी संध्याकाळी रिकामी गाडी भिंतीपासून पाच मीटरवर लावून हेडलाइटच्या प्रकाशाची वरची कड भिंतीवर चिकटपट्टीने खुणावून ठेवा. चाकं कुठे होती तेही खडूने आखा. पुढे लागेल.

टप्पा ४: माप निवडणं

सर्वांत जास्त गफलत इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

बाजारात बफर ए, बी, सी, डी अशा अक्षरांनी विकले जातात. ही अक्षरं सगळ्या कंपन्यांत सारखी नसतात. एकाचा 'सी' दुसऱ्याच्या 'बी'एवढा निघतो. गाडीचं मॉडेल सांगून मिळालेल्या मापावरही विसंबू नका. त्याच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी आवृत्त्यांत स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात. मिलिमीटर विचारा. देत नसतील तर दुसरीकडे घ्या.

तुम्हाला स्वतः तीन मापं घ्यायची आहेत.

पहिलं, तारेची जाडी. व्हर्नियरने (जाडी मोजायच्या सरकत्या मोजपट्टीने) घ्या, चिखल पुसून. बफरच्या वरच्या-खालच्या खाचा या तारेवर घट्ट बसायला हव्यात. खाच सैल असेल तर रबर फिरतं आणि फिरता फिरता तारेवरचा रंग खरवडून काढतं.

दुसरं, फट. गाडी चाकांवर उभी, रिकामी असताना, निवडलेल्या मधल्या दोन वेढ्यांमधलं अंतर. तारेच्या खालच्या कडेपासून पुढच्या तारेच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, समोर, डावीकडे, उजवीकडे आणि जमेल तितकं मागे. सगळीकडे आकडा थोडा थोडा वेगळा येईल. सर्वांत लहान आकडा महत्त्वाचा. गाडी उचलून, चाकं लोंबकळत असताना हे माप घेऊ नका, कारण तेव्हा फट बरीच उघडते. त्या मापाचा बफर गाडी खाली ठेवल्यावर दोन वेढ्यांत पाचरीसारखा अडकतो.

तिसरं, वेढ्याचा बाहेरचा व्यास. बफरचं कडं त्याच्या आसपासचं हवं. पुढच्या स्ट्रटला स्प्रिंगच्या आत शॉकअप असतो, म्हणून तिथे बफरची आतली कड आणि शॉकअपचं धूळरोधक रबर यांत किमान बोटभर जागा उरते का तेही पाहा.

आता निवड. बफरच्या दोन खाचांच्या तळांमधली जाडी ही उभ्या गाडीच्या फटीएवढी, किंवा फार तर दोन-तीन मिलिमीटर जास्त घ्या. समजा फट २८ मिलिमीटर निघाली, तर २८ ते ३० जाडीचा बफर. असा बफर रिकाम्या गाडीत नुसता टेकलेला असतो आणि वजन आलं, वळण आलं, ब्रेक लागला की काम करू लागतो. गाडीची उंची जवळपास तीच राहते.

३५ जाडीचा घेतला तर ७ मिलिमीटरचा फरक स्प्रिंगवर तसाच चढतो, रबर दबेल तेवढा वजा करून. गाडी वर येते, दुकानात ते छान दिसतं. पण चाकाला खाली लोंबायला उरलेली वाट तेवढीच कमी होते. खड्डा आला की चाक खाली जाऊन रस्ता पकडायच्या आधीच शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि टक्कन आवाज येतो. स्पीडब्रेकर उतरताना मागून येणारा तो आवाज बऱ्याचदा यामुळेच असतो. दोन मापांच्या मधे अडकलात तर लहान घ्या.

कडकपणाबद्दल एकच सांगतो. नखाने दाबल्यावर किंचित खोलगट होणारं, टायरच्या ट्रेडइतकं कडक रबर रस्त्यावरच्या गाडीला पुरे. काचेसारखे पारदर्शक, नख न रुतणारे युरेथेनचे बफर टिकतात जास्त, पण धक्का सरळ बॉडीत पोचवतात आणि कोरड्या हवेत करकरतात. रोज पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर मुलांना घेऊन फिरणाऱ्या गाडीला मी ते सुचवणार नाही.

एका स्प्रिंगमध्ये दोन बफर? नको. सहाचे चार वेढे उरले की ताठरता दीडपट होते. कारखान्यातून आलेला शॉकअप त्यासाठी बनलेला नसतो.

टप्पा ५: कुठे बसवायचे

बफर नेहमी जोडीने, एकाच एक्सलच्या दोन्ही बाजूंना, त्याच मापाचे, त्याच क्रमांकाच्या फटीत. अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतींत एकाच कोपऱ्यात रबर घातलेलं किंवा पिट स्टॉपमध्ये काढलेलं व्हिडिओत दिसतं. त्यातल्या बहुतेक शर्यती ओव्हल ट्रॅकवर होतात आणि तिथे गाडी फक्त डावीकडे वळते. आपल्याला दोन्हीकडे वळायचं असतं.

पुढे की मागे, हा निर्णय वजनावर घ्या. डिकी आणि मागची सीट भरल्यावर त्रास होत असेल तर फक्त मागे. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. मागची बाजू ताठ केली की वळणात मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार जातो आणि मागची पकड आधी सुटू लागते. भरलेल्या गाडीत हे जाणवत नाही. रिकाम्या गाडीत, पावसात, ताम्हिणीसारख्या घाटात उतारावरच्या वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला तर मागचा भाग बाहेर सरकू शकतो. म्हणून गाडी एरवी एकट्याने चालवत असाल आणि वर्षातून दोनदाच भरत असाल, तर प्रवासापुरते बफर बसवून नंतर काढा. सीएनजीची टाकी कायमची असेल तर ते कायम राहू द्या.

फक्त पुढे बसवले तर उलट होतं, गाडी वळायला नाखूश होते. ब्रेक लावताना नाक जास्त वाकतं एवढ्यासाठी पुढचे बफर घेण्याआधी पुढच्या शॉकअपची तपासणी पुन्हा एकदा करा. पुढे-मागे दोन्हीकडे बसवायचंच असेल तर एक एक्सल करा, काही दिवस चालवा, मग दुसरा.

टप्पा ६: गाडी उचलणं

लागणारं साहित्य: ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, चाकाला लावायला लाकडी अडणी, व्हील पाना, टॉर्च, ब्रश, बादलीभर पाणी, भांडी घासायचा साबण, चांगल्या प्रतीचे केबल टाय, जाड हातमोजे. हातोडा आणि पहार या यादीत नाहीत. त्यांची गरज वाटली तर माप चुकलं आहे.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा.

मागची बाजू उचलणार असाल तर लक्षात घ्या की हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो. ती हवेत गेली की हँडब्रेकला धरायला काही उरत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडणी लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. पुढची बाजू उचलताना उलट. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीत 'पी'चा तेव्हा उपयोग नाही, हँडब्रेक आणि मागची अडणी हाच आधार.

एका बाजूचं चाक उचलून काम उरकायचा मोह होतो. तसं करू नका. दुसरं चाक जमिनीवर असताना टॉर्शन बीम, किंवा पुढे अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडणारी दांडी), उचललेल्या चाकाला वरच धरून ठेवतो, फट पूर्ण उघडत नाही आणि मग लोक पहार शोधायला जातात. एक्सलच्या दोन्ही बाजू उचला, पुस्तिकेत दाखवलेल्या सिलच्या (दारांखालच्या कडेच्या) जागी जॅक स्टँड लावा आणि बीम मोकळा लोंबू द्या.

*सावधान: गाडीसोबत येणारा कात्री जॅक पंक्चरपुरता आहे. त्याच्या भरवशावर हात स्प्रिंगमध्ये घालू नका. काढलेली चाकं सिलखाली आडवी सरकवून ठेवा, स्टँड घसरलाच तर गाडी त्यांच्यावर टेकेल.*

*तपासा: स्टँडवर ठेवल्यावर गाडीला बाजूने हलवून पाहा. ती जराही डुलली तर खाली घेऊन पुन्हा लावा. मागची स्प्रिंग वेगळी बसलेली असेल तर पूर्ण लोंबल्यावर ती वाटीतून सरकली नाही ना, ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला गेला नाही ना, हे आताच पाहून घ्या.*

टप्पा ७: बसवणं

१. स्प्रिंग पाण्याने धुवा आणि ब्रशने घासा, विशेषतः ज्या दोन वेढ्यांवर रबर बसणार ते. वाळूचा कण आत राहिला की तो पॉलिश पेपरसारखा रंग घासत राहतो. रंग कुठे उडाला असेल तर गंजरोधक रंगाचा हात मारून पूर्ण वाळू द्या. त्यासाठी काम दुसऱ्या दिवशीवर गेलं तरी हरकत नाही.

२. खाचांना साबणाचं पाणी लावा. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल लावू नका. तेलाने रबर फुगतं, मऊ होतं आणि तारेवर कायम घसरत राहतं. साबणाचं पाणी वाळून जातं.

३. बफर कापलेल्या जागेतून उघडा आणि एक टोक फटीत घाला. स्प्रिंगचा वेढा चढता असतो, त्याच चढाने बफर हाताने सरकवत न्या. आडवा सपाट धरून कोंबला तर एका बाजूला खाच तारेवर बसते आणि दुसऱ्या बाजूला तार खाचेच्या ओठावर चढते. हे इथे दिसलं नाही तर पहिल्याच खड्ड्यात बफर बाहेर येतो.

४. कापलेली जागा बाहेरच्या बाजूला, नजरेला पडेल अशी ठेवा. ब्रेक होज आणि एबीएसच्या वायरपासून ती दूर हवी.

५. पूर्ण फेरी बोटाने चाचपा. वरची तार वरच्या खाचेत, खालची खालच्या खाचेत, सगळीकडे.

६. केबल टाय बफरच्या छिद्रांतून घालून बांधा. टायची गाठ दोन तारांच्या मधे येऊ देऊ नका, बाहेरच्या अंगाला ठेवा आणि शेपूट कापून टाका. टाय रबराला जागेवर धरण्यासाठी आहे, फट आवळण्यासाठी नाही.

७. दुसऱ्या बाजूला वरून मोजून त्याच क्रमांकाची फट धरा. डावीकडे वरून तिसरी आणि उजवीकडे वरून चौथी, ही चूक फार सामान्य आहे, कारण दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांची टोकं वेगळ्या दिशांना असतात. आधी खडूने खूण करा.

पुढच्या स्ट्रटला आणखी एक काम. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि बफर टायरला, मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला किंवा होजला शिवतो का पाहा. पुढे टायर आणि स्प्रिंग यांत जागा मुळातच कमी असते.

टप्पा ८: जमिनीवर उतरवून

चाकं लावा, नट हाताने बसवा, गाडी खाली घ्या आणि मग चौकटीत समोरासमोरचे नट पुस्तिकेतल्या टॉर्कने (ठरवून दिलेल्या पिळाच्या जोराने) घट्ट करा. गाडी थोडी पुढे-मागे करून तिसऱ्या टप्प्यातले चारही आकडे पुन्हा घ्या.

डाव्या-उजव्यात आधी नसलेला पाच मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर कुठेतरी तार खाचेबाहेर आहे. पुन्हा उचला. रिकाम्या गाडीची उंची सात-आठ मिलिमीटरने वाढली असेल तर बफर जाड आहे, बदलून घ्या.

भिंतीवरची हेडलाइटची खूण जुळवा. मागचा भाग वर आला की प्रकाश खाली पडतो. पुढचा वर आला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. लेव्हलरने (प्रकाश वर-खाली करायच्या बटणाने) जुळत नसेल तर गॅरेजमधून हेडलाइट सेट करून घ्या. पुढची उंची बदलली असेल तर अलाइनमेंटही तपासून घ्या, स्ट्रटच्या गाडीत उंचीसोबत टो (चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बदलतो.

*सावधान: एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या एक्सलजवळ एक छोटा दांडा ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेला दिसतो. गाडी किती बसली यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. बफरमुळे भरलेली गाडी कमी बसते, व्हॉल्व्हला गाडी हलकी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. असा दांडा असेल तर ब्रेक जाणणाऱ्या मेकॅनिककडून तो जुळवून घेतल्याशिवाय भरलेली गाडी बाहेर काढू नका.*

टप्पा ९: रस्त्यावर

पहिली फेरी एकट्याने, रिकाम्या गाडीने, दिवसा, कोरड्या आणि ओळखीच्या रस्त्यावर. स्पीडब्रेकर नेहमीच्याच वेगाने घ्या. एक धक्का आणि शांतता हवी. दोन-तीन उड्या आल्या तर शॉकअप कमी पडतो आहे. उतरताना टक्कन आवाज आला तर बफर जाड आहे. एकसारखी करकर आली तर खाचेत माती आहे किंवा साबण अजून ओला आहे, एक-दोन दिवसांत ती गेली नाही तर उघडून पाहा.

मागे कोणी नसेल तेव्हा ४० च्या वेगाला जोरात ब्रेक लावून गाडी सरळ थांबते का पाहा. त्यानंतरच नेहमीचं वजन भरून हीच फेरी पुन्हा मारा आणि भरलेल्या गाडीचे आकडे घ्या. ४५ चे ३८-४० झाले का? फरक दोन-तीनच मिलिमीटरचा असेल तर बफर पातळ आहे किंवा वेढ्याचा छोटासाच भाग अडवतो आहे. तेव्हा एकच माप वर चढा, दोन नाही.

मागे बसणाऱ्यांना विचारा. ताठ झालेली मागची बाजू चालकाला आवडते आणि त्याची किंमत मागच्या सीटवरची आजी मोजत असते. तिला खड्डे लागत असतील तर मऊ रबराचा बफर घ्या किंवा गरज नसताना काढून ठेवा.

टप्पा १०: नंतरची देखभाल

साधारण १०० किलोमीटरनंतर व्हील नट पुन्हा टॉर्क करा आणि बफर जागेवर आहेत का पाहा. केबल टाय तुटलेला दिसला तर नुसता नवा बांधू नका. तो का तुटला ते शोधा, बहुधा रबर फिरतं आहे.

खाचेत साचलेला ओला चिखल हा स्प्रिंगचा खरा शत्रू. रबराखाली पाणी अडकतं, रंग आधीच घासलेला असतो आणि कोकण किनारपट्टीवर हवेत मीठही असतं. गंज बाहेरून दिसत नाही, रबर त्याला झाकून ठेवतं. म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा बफर पूर्ण काढा, तार धुवा, वाळवा, रंग उडालेल्या जागी रंग लावा, मग परत बसवा. धुलाई केंद्रावर खालून पाणी मारून हे काम होत नाही.

रबराला आडव्या भेगा, खाचेच्या ओठाला फाटलेला कोपरा, किंवा बसलेली जाडी मूळ जाडीपेक्षा ठळक कमी, यातलं काहीही दिसलं तर जोडी बदला. एकच नवा घेऊन दुसरा जुना ठेवला की डावी-उजवी ताठरता वेगळी होते.

गाडी वॉरंटीत असेल तर बसवण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून उत्तर लेखी घ्या. स्प्रिंग किंवा शॉकअपचा दावा या कारणावरून नाकारला जाऊ शकतो.

काढून ठेवलेले बफर धुऊन, सावलीत वाळवून, डावा-उजवा लिहून पिशवीत ठेवा. उन्हात आणि इंजिन ऑइलच्या डब्याशेजारी ठेवलेलं रबर लवकर भेगाळतं किंवा चिकट होतं. त्याच पिशवीत तारेची जाडी, फट, बफरचं माप, कितवी फट आणि चारही चाकांचे आकडे लिहिलेला कागद टाका. पुढच्या वेळी दुसरं कोणी बसवणार असेल तर त्याला तो कागद द्या.